जुन्या टॅगवर गेलं की लायब्ररी मात्र आजचीच राहते, हे कसं टाळायचं?

थोडक्यात तुमची अडचण अशी: ॲप आणि सामायिक लायब्ररी वेगवेगळ्या गिट रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या जागांत) आहेत. ॲपच्या सहा महिन्यांपूर्वीच्या टॅगवर (नाव देऊन खूण केलेल्या आवृत्तीवर) गेलं की त्याला आजची लायब्ररी मिळते आणि बिल्ड कोसळतो.

रीडमीत ‘लायब्ररी २.३ वापरा’ असं लिहून हे सुटत नाही. लायब्ररीची नेमकी कमिट (इतिहासातली एक नोंद) ॲपच्याच इतिहासात नोंदली गेली पाहिजे. सबमॉड्यूल, म्हणजे एका रेपोत दुसरा रेपो जोडण्याची गिटची सोय, तेवढंच करतं:

गिट सबमॉड्यूल ॲड ../लायब्ररी.गिट लिब

आता ॲपच्या ट्रीमध्ये ‘लिब’च्या जागी फाइली नसतात, फक्त १६०००० मोडची एक नोंद आणि ४० अक्षरी हॅश (त्या कमिटची ओळख) असतो. टॅगवर गेलं की त्या वेळचा हॅश मिळतो. पण ‘लिब’ फोल्डर आपोआप बदलत नाही, त्यासाठी हे लागतं:

गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

सगळा घोळ इथेच होतो. सहकाऱ्याने हॅश पुढे नेला, तुम्ही पुल केलं, फोल्डर जुनंच राहिलं. गिट स्टेटस ‘लिब’ बदललेलं दाखवतं, तुम्ही घाईत ‘कमिट -एएम’ करता आणि हॅश गुपचूप मागे जातो. रिव्ह्यूत एका ओळीचा फरक दिसतो, तो कोण वाचतो? म्हणून प्रत्येक मशीनवर ‘सबमॉड्यूल.रिकर्स’ ट्रू करा आणि ‘डिफ.सबमॉड्यूल’ला ‘लॉग’ ही किंमत द्या. मग डिफमध्ये कमिटची शीर्षकं दिसतात आणि हॅश मागे गेला असेल तर ‘रिवाइंड’ असं स्पष्ट लिहून येतं. पहिल्या क्लोनला मात्र ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ वेगळं द्यावंच लागतं.

पुश आधी लायब्ररीचं, मग ॲपचं. ‘पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स’ला ‘चेक’ दिलंत की उलटा क्रम गिट स्वतःच अडवतं. स्क्वॉश मर्जपासून (ब्रँचच्या सगळ्या कमिटची एकच नवी कमिट करून मिसळण्यापासून) मात्र ते वाचवत नाही. लायब्ररीच्या फीचर ब्रँचवरची कमिट ॲपमध्ये बांधली (म्हणजे तिचा हॅश नोंदवला), नंतर ती ब्रँच स्क्वॉश होऊन उडवली गेली, तर ती कमिट कुठल्याच ब्रँचवर उरत नाही. तुमच्याकडे सगळं चालतं, नव्या माणसाचं क्लोन मात्र अडकू शकतं. म्हणून ‘मेन’ या मुख्य ब्रँचवरची किंवा टॅग केलेली कमिटच बांधा. मेनवरची आहे का, हे सीआयमध्ये (बदल आला की आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) तपासता येतं:

गिट -सी लिब मर्ज-बेस --इज-ॲन्सेस्टर हेड ओरिजिन/मेन

एक्झिट कोड शून्य नसेल तर बिल्ड पाडा. मात्र सीआयने लायब्ररीचा पूर्ण इतिहास आणलेला हवा. डेप्थ १ (फक्त शेवटची कमिट) असेल तर या तपासणीवर भरवसा नाही.

सबमॉड्यूलची माहिती ठेवणाऱ्या ‘.गिटमॉड्यूल्स’ फाइलमध्ये ‘ब्रँच = मेन’ लिहिल्याने लायब्ररी मेनच्या मागे धावत नाही. ती ओळ फक्त ‘अपडेट --रिमोट’ वापरतं, आणि ती आज्ञा सीआयमध्ये चालवलीत तर एवढा खटाटोप फुकट.

लायब्ररी तीन-चार ॲप वापरत असतील आणि तिच्या रीतसर आवृत्त्या निघत असतील, तर माझं मत पॅकेज मॅनेजर आणि लॉक फाइलच्या (नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलच्या) बाजूने आहे. उलट दोन्ही रेपोत रोज एकत्रच बदल होत असतील तर ते एकच करून टाका.

यातलं काहीही जुन्या टॅगांना मागे जाऊन लागू होत नाही. त्यांच्यासाठी टॅगची तारीख घ्या आणि लायब्ररीत हे चालवा:

गिट रेव्ह-लिस्ट -१ --बिफोर="तारीख" मेन

जी कमिट मिळेल तिच्यावर बिल्ड करून पाहा. जमलं नाही तर दोन-चार कमिट मागेपुढे सरका.