इंग्रजीत इनडायरेक्ट स्पीच करताना, म्हणजे अवतरणचिन्हातलं कुणाचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, क्रियापदाचा काळ नेमका कधी बदलायचा?

आधी अवतरणचिन्हाबाहेरचं क्रियापद बघा. तिथे 'सेज' किंवा 'विल से' असेल, तर आतला काळ जसाच्या तसा ठेवा. 'सेड' असेल तर आतला काळ एक पायरी मागे न्या: 'ॲम' चं 'वॉज', 'हॅव डन' आणि 'डिड' या दोन्हींचं 'हॅड डन', 'विल' चं 'वुड', 'कॅन' चं 'कुड'. 'हॅड डन' च्या मागे पायरीच नाही, ते तसंच राहतं. 'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' हेही सहसा बदलत नाहीत.

आपली चूक बहुतेकदा मराठीमुळे होते. 'ती म्हणाली की मी दमले आहे' यात 'आहे' टिकतं, म्हणून आपण 'शी सेड दॅट शी इज टायर्ड' लिहून मोकळे होतो. तिथे 'वॉज' हवं.

त्रिकालाबाधित सत्याला मात्र हात लावू नका: 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ज राउंड द सन'. बोलताना अजूनही खरी असलेली गोष्टही वर्तमानकाळात चालते, उदाहरणार्थ 'ही सेड ही लिव्ज इन नाशिक'. पण परीक्षेत 'लिव्ड' च लिहा, उगाच वाद नको.

'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार' अशा काल्पनिक वाक्यात फक्त सर्वनामं बदला. इथे 'हॅड' चं 'हॅड हॅड' केलंत की अर्थच बदलतो: आता पैसे नाहीत याऐवजी तेव्हा नव्हते, असं होतं.

आणि काळ बरोबर आला तरी 'टुमारो' चं 'द नेक्स्ट डे' करायचं राहून जातं, तेवढं तपासा.