जंगलातल्या मुक्कामासाठी घरी बनवता येईल अशी हलकी बैठक कोणती?

तुम्ही लिहिलंय की चौघं जण सॅक पाठीवर घेऊन सह्याद्रीत एका रात्रीच्या मुक्कामाला जाणार आहात, विकतच्या फोल्डिंग खुर्च्या एकेक अडीच-तीन किलोच्या निघाल्या, आणि चौघांतल्या वडिलांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. मग चार खुर्च्या बनवायच्या भानगडीत पडू नका. वडिलांसाठी एक तिवई बनवा. बाकी तिघांचं काम चटईचा तुकडा आणि एक पंचा यावर भागतं.

जमिनीवर बसून माणूस कंटाळतो त्याची कारणं तीन. बुडाला ओल आणि गारठा लागतो, गुडघे फार दुमडावे लागतात, आणि पाठीला टेकू नसतो. खुर्ची या तिन्हींवर एकदम इलाज करते, म्हणूनच ती जड होते. पण आपल्यापैकी बहुतेकांना पंगतीला मांडी घालून बसायची सवय असते, त्यांना गुडघ्यांचा प्रश्न नसतोच. प्रत्येकाला नेमका कोणता त्रास होतो ते बघून तेवढंच बनवलं, की वजन किलोवरून ग्रॅमवर येतं.

ओल आणि गारठ्यासाठी कॅरीमॅटचा तुकडा पुरतो. ट्रेकच्या दुकानात मिळणारी फोमची गुंडाळी घ्या, एक सेंटिमीटर जाडीची असली तर उत्तम. तिचा ३० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा कटरने कापा. भरतो चाळीस-पन्नास ग्रॅम. हा फोम बंद पेशींचा असतो, त्यात पाणी शिरत नाही, म्हणून दवाने भिजलेल्या गवतावर किंवा सकाळच्या गार कातळावर सरळ टाकता येतो. गादीतला स्पंज मात्र नको, तो पाणी पितो. तुमच्या सॅकच्या पाठीकडच्या खणात फोमची पाटी असेल आणि ती निघत असेल, तर वेगळं काही कापायचीही गरज नाही. फक्त शेकोटीपासून लांब, एक ठिणगी उडाली की भोक पडलंच समजा.

पाठीच्या टेकूचा उपाय याहून हलका आहे. आपल्याकडे गावातली म्हातारी माणसं गुडघे उभे करून बसतात आणि उपरण्याचा वेढा कंबरेमागून गुडघ्यांभोवती घेऊन गाठ मारतात. पाठ मागे रेलायला बघते, गुडघे पुढे जायला बघतात, कापड दोघांना धरून ठेवतं. तासभर गप्पा मारल्या तरी पाठ अवघडत नाही. हंपीच्या नरसिंहाच्या गुडघ्यांभोवती जो दगडी पट्टा दिसतो तो योगपट्ट म्हणजे हेच, अय्यप्पाच्या मूर्तीलाही तो असतो. दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे-बोलिव्हियाच्या बाजूला राहणारे आयोरेओ लोकही असाच पट्टा वापरतात. तो पाहून आलेहांद्रो आरावेना या चिलीच्या वास्तुरचनाकाराने २०१० मध्ये ‘चेअरलेस’ नावाचा पट्टा बाजारात आणला! आपण पंचा वापरावा.

पंचा नसेल तर सॅकचा नायलॉनचा पट्टा चालतो, पण तो किमान पाच सेंटिमीटर रुंद हवा. अरुंद दोरी नडग्यांत रुतते आणि दहा मिनिटांत पाय बधिर होतात. गाठ मारून झाल्यावर वेढ्याचा घेर साधारण १६० ते १७५ सेंटिमीटर भरावा. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाला थोडा जास्त, तेव्हा पहिल्यांदा गाठ सरकती ठेवून घरीच माप ठरवा. एक पथ्य पाळा: वेढ्यात बसलेल्या माणसाला झटकन उठता येत नाही, त्यामुळे स्टोव्हवर पाणी उकळत असताना त्याच्याजवळ असं बसू नका.

आता वडिलांची तिवई. तीन पाय मध्ये एकमेकांत अडकवलेले, वर त्रिकोणी कापड, मिटली की काठ्यांची मोळी. चार पायांचं स्टूल जंगलात निरुपयोगी असतं, कारण खडबडीत जमिनीवर एक पाय कायम हवेत राहतो. तीन पाय कुठेही टेकतात.

पायांसाठी भरीव बांबू शोधा. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेताच्या बांधावर जो माणगा लावतात त्याचा बुंध्याकडचा भाग जवळपास भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. यासाठी इतका चांगला माल दुसरा नाही. देशावर असाल तर लाठीचा बांबू घ्या, तोही चालेल. २५ ते ३० मिलिमीटर जाडीचे, ६० सेंटिमीटर लांबीचे तीन तुकडे करा. पूर्ण वाळलेला बांबू घ्या, ओला घेतलात तर पुढे आकसून भोकाशी तडकतो. कापल्या टोकातून पिवळसर पीठ गळत असेल तर भुंगा लागलेला आहे, तो तुकडा टाकून द्या.

प्रत्येक पायाला वरच्या टोकापासून २७ सेंटिमीटरवर सहा मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. बरोबर मध्यावर पाडू नका. भोक मध्याच्या थोडं वर असलं की जमिनीवरचा त्रिकोण बसायच्या त्रिकोणापेक्षा मोठा होतो आणि तिवई कलंडत नाही. भोक बांबूच्या गाठीच्या अगदी जवळ आलं तर सोन्याहून पिवळं, कारण दोन गाठींच्या मधल्या कांड्यात बांबू उभा चिरतो. गाठ जवळ येत नसेल तर भोकाच्या वर-खाली नायलॉनच्या दोऱ्याचे आठ-दहा घट्ट वेढे घालून त्यावर फेविक्विक सोडा. बसणाऱ्याचं सगळं वजन पायाला याच जागी वाकवू पाहतं, आणि नेमकं इथेच आपण भोक पाडलेलं असतं. म्हणून ते सहापेक्षा मोठं करायचा मोह नको.

तीन पाय जोडायला हार्डवेअरच्या दुकानातून एक लांब बोल्ट आणि एक आय बोल्ट आणा, म्हणजे ज्याच्या डोक्याला कडी असते तो. लांब बोल्ट पहिल्या पायातून काढा, मग आय बोल्टच्या कडीतून ओवा, मग दुसऱ्या पायातून बाहेर काढा. आय बोल्टचा दांडा तिसऱ्या पायातून जातो. प्रत्येक नटाखाली रुंद वॉशर हवाच, आणि नट शक्यतो नायलॉनची चकती असलेला घ्या, म्हणजे उघडमीट करून सैल पडत नाही. फार आवळू नका, पाय फिरले पाहिजेत. बोल्टची खटपट नको असेल तर तिन्ही भोकांतून पाच मिलिमीटरची नायलॉन दोरी ओवून तिचं घट्ट कडं करा आणि पाय पिळून उघडा. थोडी डुगडुगते, पण धरते. मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बोल्टच बरा, कारण बसता-उठताना तो एका बाजूला जोर देणार.

कापडाचं माप ठरवताना लोक घाई करतात, आणि तिवईचं सगळं गणित तर तिथेच आहे. शिवून झाल्यावर त्रिकोणाची प्रत्येक बाजू ३६ सेंटिमीटर भरली, तर वरच्या मापांनी बैठक जमिनीपासून साधारण ३८ सेंटिमीटरवर येते. कापड मोठं केलंत तर पाय जास्त फाकतात आणि बैठक खाली जाते, लहान केलंत तर बैठक उंच होते पण तिवई डगमगते. वडिलांना आणखी उंची हवी असेल तर कापड तेच ठेवून पाय ६६ सेंटिमीटरचे घ्या आणि भोक ३० वर पाडा.

कापड म्हणून जाड कॅनव्हास उत्तम. जुन्या जीन्सचे दोन थरही चालतात, गोणपाट मात्र ओला झाला की ताणतो. विणीच्या तिरक्या दिशेने कापलेली कुठलीही कड ओढली की वाढते, आणि त्रिकोण कसाही कापला तरी निदान दोन कडा तिरक्या येतातच. यावर इलाज म्हणजे तिन्ही कडांवर नायलॉनची पट्टी शिवून टाकणं. मग ताण कापडावर न येता पट्टीवर येतो. तिन्ही कोपऱ्यांवर खिसे करायचे आणि पायांची वरची टोकं त्यांत बसवायची. टोकं कानशीने गोल करा, नाहीतर खिसा कुरतडला जातो. खिशांना आतून चामड्याचा किंवा रेग्झिनचा तुकडा लावा. घरच्या मशीनवर एवढे थर जात नाहीत, सुई मोडते. चप्पल-बॅगा शिवणाऱ्याकडे दिलंत तर नायलॉनच्या दोऱ्याने पक्की शिलाई मारून देतो, ती घरच्या शिलाईपेक्षा कितीतरी भरवशाची.

खालच्या टोकांना म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ती रबरी बुचं लावा, औषधांच्या दुकानात मिळतात. कातळावर घसरत नाहीत, मऊ मातीत पाय रुतणंही थोडं कमी होतं. सगळं मिळून वजन साधारण पाऊण ते एक किलो, बांबू जाड असेल तर जरा वर. नेण्याआधी घरात सगळ्यांत वजनदार माणसाला तिच्यावर बसवून बघा. तुटायची तर घरी तुटू दे.

चौघांत कुणी पाठ टेकल्याशिवाय बसूच शकत नसेल, तर आणखी एक प्रकार आहे. निवडणुका झाल्या की सनपॅकचे, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे फलक रस्तोरस्ती पडलेले असतात, नेत्यांचे चेहरे आतल्या बाजूला घेऊन तेच वापरा. ४० बाय ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, त्यांना फोम चिकटवून कापडाच्या पिशवीत शिवायचे, मध्ये बिजागरीसारखी कापडाची घडी ठेवायची. दोन्ही बाजूंना बकलचे पट्टे लावले की पाठ आणि बैठक एकमेकांना तोलून धरतात. पाठीच्या तुकड्यात सनपॅकच्या नळ्या उभ्या यायला हव्यात, आडव्या आल्या तर टेकताक्षणी घडी पडते. वजन अर्धा किलोच्या आसपास. वडिलांना याचा उपयोग नाही, कारण बसायचं जमिनीवरच.

इंटरनेटवर बुशक्राफ्टचे, म्हणजे रानातल्याच साहित्यातून वस्तू बनवण्याचे व्हिडिओ बघून कोयता घेऊन निघायचा विचार असेल तर तो मात्र सोडा. तिकडचे लोक स्वतःच्या रानात फांद्या तोडून खुर्च्या बांधतात. आपल्याकडे हरिश्चंद्रगड काय नि भीमाशंकर काय, मुक्कामाच्या कितीतरी जागा अभयारण्यात येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तिथलं काही तोडणं किंवा उचलून नेणं गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात १९२७ चा वन कायदा आडवा येतो. शेतातल्या बांबूचा प्रश्न नाही. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळलाय. तेव्हा बांबू शेतकऱ्याकडून किंवा बुरुडाकडून विकत घ्या आणि सगळं घरी करून न्या.

दगड लोटून बसायला जागा करणंही टाळा. फुरसं आणि विंचू दिवसा दगडाखालीच असतात, आणि फुरसं इतकं लहान नि मातीच्या रंगाचं असतं की संध्याकाळच्या उजेडात दिसतही नाही. मॅटचा तुकडा टाकण्याआधी काठीने जागा झाडून घ्या. तिवईचं कापड रात्री बाहेर राहिलं असेल तर सकाळी वडील बसण्याआधी झटकून उलटं करून बघा.