पाठ केलेली सालं एकमेकांत का मिसळतात?

तुम्ही लिहिलंय, सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं साल गेल्या आठवड्यात तोंडपाठ होतं, सराव पेपरात मात्र १८७० की १८७५ यातच अडकलात. स्मरणशक्ती कमी झाली का? अजिबात नाही. तुम्हाला आठवलेली दोन्ही सालं खरीच आहेत, फक्त दुसऱ्या संस्थांची. १८७० पुणे सार्वजनिक सभेचं, १८७५ आर्य समाजाचं. पाठ केलेलं पुसलं गेलेलं नाही, शेजारचं आधी पुढे येतंय.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'सात आठी?' विचारलं की चुकणारं मूल बहुतेक वेळा 'चोपन्न' म्हणतं. त्रेपन्न म्हणणारं मला क्वचितच भेटलं. चोपन्न येतं 'सहा नवे'मधून. एका मुलीला तर सहाचा पाढा पक्का झाल्यावर सातचा चुकायला लागला, आणि ती रडवेली झाली. तिचं काही बिघडलं नव्हतं. पाढे वाढले होते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ मध्ये निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरणं मोजलं. एका दिवसात जवळजवळ दोन तृतीयांश गेलं. दोष काळाला दिला गेला. १९५७ मध्ये अंडरवूड या मानसशास्त्रज्ञानं जुने प्रयोग पुन्हा तपासले तेव्हा दिसलं, की एकच यादी पाठ करणारे दुसऱ्या दिवशी साधारण पावच भाग विसरतात; आधी वीसेक याद्या केलेले पाऊण भाग विसरतात. एबिंगहाउसच्या डोक्यात तर आधीच्या ढीगभर याद्या होत्या! नंतर शिकलेलंही आधीच्याला असंच धक्का देतं. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांना आढळलं, की पाठ करून झोपलं, म्हणजे मध्ये नवं काही शिकलं नाही, तर तेवढेच तास जागं राहण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

तुमची अडचण अशी, की 'समाजसुधारणा, एकोणिसावं शतक' या एकाच खुंटीवर चार सालं टांगली आहेत. प्रत्येकाला वेगळी खुंटी द्या. प्रार्थना समाज १८६७, मुंबई, आत्माराम पांडुरंग. सार्वजनिक सभा म्हणजे पुण्याचे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी. आर्य समाज, दयानंद, पण स्थापना मुंबईतली. आणि सत्यशोधक १८७३: फुल्यांची 'गुलामगिरी' त्याच वर्षी आली, त्या पुस्तकालाच साल बांधून टाका. चारही एका बैठकीत घोकू नका, मध्ये भूगोल किंवा गणित घ्या. सत्यशोधकचं पान रात्री झोपण्याआधी शेवटचं वाचा, मग मोबाइल नको. सकाळी उठल्यावर पुस्तक न उघडता साल कागदावर लिहून पाहा.