मॅलिनॉय की मुधोळ: प्रश्न पिल्लाच्या किमतीचा नाहीच

प्रश्न: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाउस आहे. दोघंही खासगी नोकरीत, सकाळी आठला बाहेर पडतो, संध्याकाळी सहाला परततो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२,००० रुपये. हप्ता, मुलीची एसआयपी आणि घरखर्च मिळून ७५,००० जातात. तीन लाखांची एफडी आहे. कुत्रं पाळायचं आहे. बेल्जियन मॅलिनॉय जातीचं मादी पिल्लू ७० हजारांना मिळतंय, मुधोळ हाउंडचं १५ हजारांना. एफडी मोडून मॅलिनॉय घ्यावी आणि पुढे पिल्लं विकून पैसे वसूल करावेत, असा विचार आहे. योग्य ठरेल का?

उत्तर: एफडी मोडू नका. ते तीन लाख म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम चार महिन्यांचा खर्च आहे, आणि नोकरी दोघांचीही खासगी.

आता मूळ हिशेब. दोन्ही जाती साधारण बारा वर्षं जगतात. मुधोळला खाणं, लसी, गोचिडांची औषधं धरून महिना साडेचार हजार लागतील असा माझा अंदाज. बारा वर्षांचे झाले ६,४८,०००. मॅलिनॉयला महिना साडेसहा हजार, म्हणजे ९,३६,०००. शिवाय पहिलं दीड वर्ष ट्रेनरचे महिना सहा हजार, ते १,०८,०००. पिल्लांची किंमत मिळवली तर फरक साडेचार लाखांचा होतो, आणि यात महागाई धरलेलीच नाही.

पण मला खरी काळजी पहिल्या दीड वर्षाची आहे. एनएसजी, आयटीबीपी ही सुरक्षा दलं मॅलिनॉय वापरतात, ते तिच्या न थकणाऱ्या कामसूपणामुळे. तिथे तिच्याबरोबर काम करणं हीच हॅन्डलरची नोकरी असते. तुम्ही दोघं आठला बाहेर पडता, सहाला परतता. दिवसभर कोंडलेली मॅलिनॉय दाराच्या चौकटी कुरतडते, नाहीतर स्वतःचेच पाय चावत बसते. म्हणजे दुपारी फिरवायला माणूस ठेवणं आलं, त्याचे चार हजार. साडेसहा, सहा आणि चार मिळून साडेसोळा हजार. तुमच्याकडे महिन्याला उरतात सतरा. एक आजारपण आलं की मुलीची एसआयपी थांबणार, आणि एकदा थांबलेली एसआयपी पुन्हा सुरू होताना मी क्वचितच पाहतो.

पिल्लांच्या कमाईचं गणित मला अजिबात पटत नाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदाशीसाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी किमान दीड वर्षाची हवी आणि पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत विकता येत नाहीत. पार्व्हो या विषाणूच्या आजाराने अख्खं वेत जाऊ शकतं. तिच्या शरीरावर तुमचा हप्ता टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

माझा कौल मुधोळला. आपल्याकडे कारवान म्हणतात तो कुत्रा हाच. आखूड केसांमुळे नाशिकचा एप्रिल-मे त्याला जड जात नाही; थंडीत मात्र अंगावर झूल घालावी लागेल. त्यालाही पळायला हवंच. भिंत बुटकी असेल तर उडी मारून जाईल, म्हणून कंपाउंडला जाळी लावायचे वीसेक हजार आधीच धरा. पांडवलेण्याच्या बाजूला मोकळा सोडू नका, ससा दिसला की तो हाकेला थांबत नाही. पिल्लू शक्यतो मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रात चौकशी करून घ्या. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं ते केंद्र आहे.

पण लगेच नको. पुढचे सहा महिने साडेसोळा हजारांची आरडी (दरमहा पैसे भरायची आवर्ती ठेव) लावा, जणू मॅलिनॉय घरात आलीच आहे. ९९ हजार जमतील. आणि रोज पहाटे पाऊण तास तुम्ही स्वतः चालून या, पावसातसुद्धा. आरडीचा हप्ता चुकला नाही आणि चालणं सुटलं नाही, तर त्यातून पिल्लू आणि जाळी दोन्ही होतील. उरलेले साठेक हजार एफडीत घाला. चालणं महिनाभरातच सुटलं, तर दोन्हींपैकी कोणतंच पिल्लू आणू नका.