म्युनिकमध्ये मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यूला विंटर टायर घ्यावेच लागतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून नोकरीसाठी म्युनिकला आलात, जुनी बीएमडब्ल्यू ३४०आय घेतली. ताकद मागच्या चाकांना, १९ इंची रिम, त्यावर रुंद उन्हाळी टायर. बर्फ वर्षातून थोडेच दिवस पडतो, तर विंटर टायरवर खर्च करावा का? आणि करायचाच तर मागचे दोनच बदलले तर भागेल का?

खर्च करा, आणि चारही बदला. दोनाचा विचार डोक्यातून काढून टाका. हे मी स्वतः भोगलेलं आहे.

मी छत्रपती संभाजीनगरचा. वाळूजच्या कारखान्यात असताना कंपनीने दोन हिवाळे चेक प्रजासत्ताकात, म्लादा बोलेस्लावला पाठवलं होतं. तिथे जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली. विकणाऱ्याने पुढे विंटर टायर चढवले होते, मागे झिजत आलेले उन्हाळी. "इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर आहे, मागची नुसती मागून येतात," हे त्याचं बोलणं मला पटलं. डिसेंबरातल्या एका सकाळी उताराच्या वळणावर मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, बाकी काहीच केलं नाही. पुढची बाजू व्यवस्थित वळली आणि मागची सरळ निघाली. गाडी गर्रकन फिरली, रस्त्यात आडवी झाली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. समोरून बस येत होती, ती थोडक्यात थांबली. शेजारी बायको बसली होती. तिने दाराचा दांडा इतका घट्ट धरला होता की गाडी थांबल्यावरही बोटं सुटेनात.

तुमच्या गाडीत हेच उलट्या बाजूने होईल. मागे विंटर टायर आले की गाडी सिग्नलला झकास सुटेल, त्यामुळे भरवसा वाढेल. पण वळवायचं काम पुढच्या चाकांचं, आणि ब्रेक दाबल्यावर भारही पुढेच येतो. तिथे उन्हाळी रबर असेल तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाईल. चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्यांची मंडळीही इथेच फसतात. फोर व्हील ड्राइव्ह गाडी पळवायला मदत करते, थांबवायला नाही.

आता "बर्फ थोडेच दिवस पडतो" याबद्दल. विंटर टायर फक्त बर्फासाठी असतो हा आपल्याकडचा समज आहे, मलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट रबराची आहे. आपल्या घरी थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि उन्हात ठेवलं की सुटतं, तसं प्रत्येक रबराचं आपलं तापमान असतं. तुमच्यासारख्या जोरकस गाडीचे उन्हाळी टायर तापलेल्या डांबरासाठी बनवलेले असतात. साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक व्हायला लागतात आणि कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. परभणीला डिसेंबरातल्या ज्या रात्री दारोदारी शेकोट्या पेटतात, तेवढ्याच थंडीत हे सुरू होतं. म्युनिकला अशा सकाळी महिनोन् महिने असतात. कडाक्याच्या थंडीत असे टायर चिरूही शकतात. विंटर टायरच्या रबरात सिलिका जास्त असते, ते थंडीतही मऊ राहतं.

दुसरी गोष्ट नक्षीची, आणि ही मराठवाड्याच्या माणसाला सांगायला मला फार आवडते. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या वाटेवर आपलं काय होतं? चाकाला चिखल धरतो, खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागेवर फिरते. आपल्या मनात बसलेलं असतं की भरलेली खाच वाईट. बर्फात मात्र खाचांमध्ये बर्फ भरून राहावा अशीच नक्षी काढलेली असते, कारण बर्फाला रबरापेक्षा बर्फच जास्त घट्ट धरतो. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. गाडी जोर लावते तेव्हा त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. टायर हातात घेऊन ठोकळा अंगठ्याने वाकवून बघा, चिरा उघडताना दिसतील.

निव्वळ काचेसारख्या बर्फावर मात्र विंटर टायरचीही मर्यादा आहे. पारा शून्याच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो, तेव्हा तो सगळ्यात घातक. रस्ता नुसता ओला दिसतो. पूल आणि झाडांच्या सावल्या आल्या की आधीच वेग उतरवा. खिळ्यांचे टायर जर्मनीत रस्त्यावर चालत नाहीत.

कायदा थोडक्यात: जर्मनीत ठरावीक तारखा नाहीत, रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तेव्हा योग्य टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि चालकाच्या सरकारी नोंदीत एक दंडाचा पॉइंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त एम अधिक एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेला टायर चालत नाही, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह पाहिजे. जर्मनीत खाचांची किमान खोली १.६ मिमी असली तरी ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिमी लागते, आणि म्युनिकहून साल्झबर्ग फार लांब नाही. चेकमध्येही ४ मिमीच होती.

ऑल सीझन, म्हणजे बारमाही टायरवर हे हिमकणाचं चिन्ह असेल तर ते कायद्यात बसतात. छोट्या गाडीला, शहरातल्या शहरात, मी स्वतः ते घेईन. पण ३०० च्या वर अश्वशक्ती मागच्या चाकांना आणि शनिवार-रविवारी आल्प्सकडे जायची हौस असेल तर नको.

साइजमध्ये पैसे वाचतील. हिवाळ्यासाठी १८ इंची रिमचा वेगळा संच घ्या, चारही चाकं एकाच रुंदीची, मागचे रुंद टायर उन्हाळ्यापुरते ठेवा. अरुंद टायर पातळ ओला बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, आणि स्वस्तही पडतो. अजून लहान रिम मोठ्या ब्रेकना घासू शकते, म्हणून गाडीच्या कागदपत्रांत मान्य असलेली मापं आधी बघा. जुना संच घेणार असाल तर टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५वा आठवडा. हवा थंड टायरमध्येच तपासा, पारा १० अंशांनी उतरला की दाब साधारण ०.१ बारने कमी होतो.

तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर ठेवायची रीत आहे, त्यामुळे ऑक्टोबर लागला की टायरवाल्यांकडे वेळ मिळत नाही. आताच फोन करून दिवस पक्का करा. चाकं बदलल्यावर ५० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा आवळून घ्या.