स्वस्त कन्सोल घेतोयस? आधी हे बघ

अरे, टीव्हीला जोडून गेम खेळायचा स्वस्त डबा, म्हणजे कन्सोल, घेतोयस तर घे की! फक्त चिपच्या आकड्यांना भुलू नकोस, गेम कुठून येणार ते बघ. ऊया नावाचा अँड्रॉइडवाला कन्सोल आठवतो? 2012 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या साइटवर सुमारे 85 लाख डॉलर जमले. किंमत 99 डॉलर, आत टेग्रा 3, म्हणजे तेव्हाच्या टॅबलेटमधलीच चिप. 2013 मध्ये बाजारात येईपर्यंत फोन पुढे निघून गेले होते. जून 2019 मध्ये त्याचं ऑनलाइन गेमचं दुकान बंद झालं आणि पैसे मोजून घेतलेले काही गेमही उघडेनात. मोबाइलच्या चिपमुळे कन्सोल स्वस्त पडतो, पण लवकर शिळाही होतो.

सुरुवातीला एवढंच:

- वायफाय बंद करून गेम चालतो का, तपास.
- कंट्रोलर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन हातात धरून बघ. मी एकदा न बघता मागवला. आठवड्यात एक बटण कडेला अडकून बसायला लागलं. चाकूच्या टोकाने उचकटत खेळायचो!
- ‘दहा हजार गेम’वाला डबा नको. बहुतेक माल चोरीचा.

स्वतः गेम बनवायचाय? गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शीक, फुकट आहे. बनवलेला गेम आधी घरातल्या जुन्या अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ कंट्रोलर जोडून चालव. तिथे अडखळला तर डब्यावरही रडेल. रूट (अँड्रॉइडचा पूर्ण ताबा मिळवणं) वगैरे भानगडी नंतर बोलू.