आधी वॉर्ड, मग क्लिनिक : धुळ्याच्या एका स्टाफ नर्सच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचे पत्र मिळाले. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यावर तुम्ही सहा वर्षे धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करत आहात. बोटॉक्स (सुरकुत्या घालवणारे इंजेक्शन) आणि फिलर (ओठ, गाल भरण्यासाठी त्वचेखाली टोचतात ते द्रव्य) शिकवणाऱ्या पुण्यातल्या दोन दिवसांच्या कोर्सचा पहिला हप्ता तुम्ही भरला आहे, आणि त्या प्रमाणपत्रावर इंग्लंडमधल्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये थेट नोकरी लागेल, असे नाशिकचा एजंट सांगतो. हे खरे आहे का, आणि नसेल तर या क्षेत्रात शिरण्याचा खरा रस्ता कोणता, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळची चोपड्याची. नर्सिंग जळगावात केले, काही वर्षे तिथेच नोकरी केली, मग इंग्लंडच्या मिडलँड्स भागात एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वॉर्डात आले आणि आता ॲस्थेटिक नर्स, म्हणजे सौंदर्योपचार करणारी नर्स म्हणून काम करते. त्यामुळे दोन्ही बाजू पाहून लिहीत आहे.

एजंट सांगतो तो रस्ता अस्तित्वात नाही. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत नर्स म्हणून काम करायचे तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, म्हणजे इथल्या एनएमसीची नोंदणी लागते, आणि दोन दिवसांच्या कोणत्याही प्रमाणपत्राला त्या नोंदणीत स्थान नाही. तिथे तुमचे जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची तुमची नोंदणी आणि तिची पडताळणी पाहिली जाते. त्याखेरीज इंग्रजीची परीक्षा असते : आयईएल्टीएस अकॅडेमिक दिल्यास श्रवण, वाचन आणि संभाषणात ७ व लेखनात ६.५, किंवा ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) दिल्यास लेखनात सी प्लस आणि बाकी तिन्हींत बी. मग संगणकावरची सीबीटी, जी भारतातच देता येते आणि जिच्यात औषधमात्रेच्या गणिताचा एक वेगळा भाग असतो. शेवटी ओस्की ही दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा, तीही इंग्लंड किंवा उत्तर आयर्लंडमधल्या ठरावीक केंद्रांवरच. पात्रता तपासणीचे १४० पौंड, सीबीटीचे ८३, ओस्कीचे ७९४ आणि नोंदणीचे १५३ असे शुल्क राहिले आहे. पैसे भरण्यापूर्वी ताजे आकडे एनएमसीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्यावेत, एजंटच्या तोंडून ऐकू नयेत.

नोंदणीपेक्षाही मोठा अडसर व्हिसाचा आहे, आणि एजंट नेमके तेच बोलत नाहीत. आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक नर्सेस हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर येतात. हा व्हिसा तुम्हाला प्रायोजित करणाऱ्या मालकाशी बांधलेला असतो, आणि त्या मालकाकडे गृहखात्याचा प्रायोजकत्वाचा परवाना असावा लागतो. दोन-तीन खोल्यांच्या कॉस्मेटिक क्लिनिककडे असा परवाना सहसा नसतोच. शिवाय इथल्या फार मोठ्या संख्येने ॲस्थेटिक नर्सेस कोणाच्या नोकरीत नसून स्वतंत्र व्यवसाय करतात : सलूनमधली किंवा दंतवैद्याच्या दवाखान्यातली एखादी खोली भाड्याने घेऊन त्या स्वतःचे रुग्ण पाहतात. प्रायोजित व्हिसावर असताना असा स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. नियमात बसणारे पूरक काम आठवड्याला वीस तासांपर्यंत करता येते, पण तेही कोणाच्या तरी नोकरीत. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर हे बंधन सुटते. तो आजवर पाच वर्षांनी मागता येत असे, पण मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांची करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. तेव्हा स्वतःचे क्लिनिक हे तुमचे उद्दिष्ट असेल, तर मधली बरीच वर्षे वॉर्डातली असतील असे धरूनच घरच्यांशी बोला.

ती वर्षे वाया जात नाहीत, हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. बोटॉक्स हे नाव सगळ्यांच्या तोंडी असले, तरी ब्रिटनमध्ये त्यातले बोट्युलिनम टॉक्सिन हे चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे. ते टोचण्यापूर्वी औषध लिहून देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने रुग्णाला तपासून लिहून दिलेले असले पाहिजे. पूर्वी काही ठिकाणी फोनवरून किंवा व्हिडिओवरून बोलून चिठ्ठी दिली जाई. डॉक्टरांच्या कौन्सिलने त्यावर २०१२ मध्येच बंदी घातली, आणि १ जून २०२५ पासून एनएमसीनेही औषध लिहून देणाऱ्या नर्सना कॉस्मेटिक औषधांसाठी रुग्णाला समोरासमोर पाहणे बंधनकारक केले आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की जिला स्वतः औषध लिहून देता येत नाही, त्या नर्सला प्रत्येक रुग्णासाठी दुसऱ्याला क्लिनिकमध्ये बोलवावे लागते आणि त्याचे पैसे द्यावे लागतात.

इथे नर्सला स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार मिळू शकतो, ही आपल्याकडून येणाऱ्या सिस्टरांना नवीन वाटणारी गोष्ट. त्यासाठी विद्यापीठात व्ही-३०० नावाचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याच्या प्रवेशाला एनएमसीकडे किमान एक वर्षाची नोंदणी लागते, आणि शिकताना तुमच्या कामावर देखरेख ठेवणारा अनुभवी प्रिस्क्रायबर, म्हणजे औषध लिहून देण्याचा अधिकार असलेला माणूसही लागतो. असा मार्गदर्शक वॉर्डात ओळखीतून, विश्वासातून मिळतो. परक्या देशात उतरताच मिळत नाही. माझ्या मते पुण्याच्या कोर्सपेक्षा शंभर पटींनी मोलाचा कोर्स हाच आहे.

आता तुमच्या अतिदक्षता विभागातल्या अनुभवाविषयी, कारण तुम्ही पत्रात त्याला फारसे महत्त्व दिलेले नाही. आपल्या भागात कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू आणि रात्रभर उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपिनची मात्रा मोजत बसलेली सिस्टर हे चित्र तुम्हाला सांगायला नको. त्या रुग्णाच्या शरीरात असिटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोचवणारे रसायन, साचलेले असते. बोट्युलिनम टॉक्सिनची क्रिया त्याच जागी, पण उलट दिशेने होते : मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलीन बाहेर पडूच दिले जात नाही, म्हणून स्नायू सैल पडतो आणि त्यावरची सुरकुती तीन-चार महिने विरते. चुकीच्या जागी गेले तर पापणी खाली येते. बनावट किंवा बेकायदा आयात केलेले औषध असले तर त्याहून वाईट घडते. २०२५ च्या ४ जून ते १४ जुलै या काळात इंग्लंडमध्ये अशा इंजेक्शनांतून झालेल्या बोट्युलिझमचे (या टॉक्सिनच्या विषबाधेचे) ३८ रुग्ण सरकारी आरोग्य सुरक्षा संस्थेने नोंदवले. दुहेरी दिसणे, गिळता न येणे, जीभ जड होणे, श्वास थकणे ही लक्षणे पार्लरमध्ये शिकून आलेल्या मुलीला थकवा वाटतील. व्हेंटिलेटरजवळ वर्षे काढलेल्या नर्सला ती लगेच कळतील.

फिलरचे प्रकरण मला त्याहूनही गंभीर वाटते. हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर रक्तवाहिनीत गेले किंवा तिच्यावर दाबले गेले, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. भाग पांढरा पडतो, मग जाळीदार निळसर होतो, दुखतो, आणि वेळीच उपाय झाला नाही तर त्वचा मरते. नाक आणि भुवयांमधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असल्याने तिथे टोचलेले फिलर उलट दिशेने सरकून कायमचे अंधत्व येऊ शकते. उपाय म्हणजे फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेज, तेही मोठ्या मात्रेत आणि तातडीने. पण हेही चिठ्ठीवरचेच औषध, आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून शेजारी ॲड्रेनलिन हवे आणि ते केव्हा, किती द्यायचे हे हाताला ठाऊक हवे. दोन दिवसांत सुई कुठे टोचायची हे कदाचित शिकवता येईल. रुग्णाचा ओठ पांढरा पडताना न घाबरता वेळेत काय करायचे, हे दोन दिवसांत येत नाही.

एवढे असूनही इंग्लंडमध्ये फिलर टोचण्यासाठी डॉक्टर किंवा नर्स असण्याची सक्ती आजवर राहिलेली नाही, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. २०१३ मध्ये सर ब्रूस किओ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फिलरला येऊ घातलेले संकट म्हटले होते, आणि फिलर घेणाऱ्याला बॉलपेन विकत घेणाऱ्याइतकेच संरक्षण असल्याचे नोंदवले होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणे इंग्लंडमध्ये गुन्हा ठरले, आणि २०२२ च्या आरोग्य कायद्याने परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला दिला. नियम कडक होण्याकडेच वारे आहे, आणि ते झाले की प्रिस्क्रायबर नर्सचे स्थान बळकट होईल, असे मला वाटते. तोवर स्पर्धा मात्र अवघड आहे, कारण शेजारच्या दुकानात कोणीही कमी पैशांत सुई धरून उभे असते.

आपल्या खान्देशी, एकूणच भारतीय नर्सचे एक बलस्थान मात्र इथे कमी लोकांकडे आहे. त्वचेच्या रंगाचे फिट्झपॅट्रिक यांनी केलेले सहा प्रकार या क्षेत्रात पायाभूत मानले जातात, आणि आपली माणसे बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. अशा त्वचेवर चुकीच्या तरंगलांबीचा लेझर किंवा तीव्र पील (त्वचेचा वरचा थर काढणारे रसायन) वापरले की भाजते आणि मग महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. त्यामुळे केस काढण्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर गडद त्वचेला अधिक सुरक्षित धरतात. लेस्टर किंवा बर्मिंगहॅममधल्या आपल्या बायका वांगाची तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी आधी विचारते की गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेले स्टेरॉईडचे मलम किती दिवस लावले. जळगाव-धुळ्याच्या उन्हात वाढलेल्या आणि बाह्यरुग्ण विभागात असे पातळ, लालसर झालेले चेहरे पाहिलेल्या नर्सला हा प्रश्न सुचतो. इथल्या पुस्तकांतली बरीच चित्रे गोऱ्या कातडीची असतात आणि त्यांवर शिकलेल्यांना तो सहज सुचत नाही. जखमेनंतर वण वाढण्याची, केलॉइडची प्रवृत्तीही सुई टोचण्याआधी विचारायची असते.

तुमचे वडील म्हणतात की एवढे शिकून लोकांचे चेहरे सजवायचे का. त्यांचे म्हणणे मला समजते. आमच्या घरीही हेच बोलले गेले. माझ्याकडे येणाऱ्यांत कर्करोगाच्या उपचारांनंतर खंगलेला चेहरा घेऊन येणाऱ्या बायका असतात, आणि काखेतल्या अतिघामामुळे माणसांत जाणे टाळणारे तरुणही असतात. पण मोठा भाग निरोगी माणसांचा असतो, आणि त्यात आरशात दिसतो तो चेहरा कधीच न पटणारी काही मुले-मुलीही येतात. त्यांना सुई नको, मानसोपचार हवा असतो. त्यांना नाही म्हणावे लागते, आणि त्या दिवसाची कमाई तेवढी बुडते. वॉर्डात नर्सचा पगार रुग्णाच्या होकारावर अवलंबून नसतो, इथे असतो. हा ताण तुम्हाला झेपेल का, याचा विचार वडिलांच्या आक्षेपापेक्षा जास्त करा.

पैशांबाबत थोडेसेच. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी एनएचएसच्या बँड ५ या वेतनश्रेणीतल्या नर्सचा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,०४९ पौंड होता, आणि ओस्की होईपर्यंत अनेक ठिकाणी त्याखालच्या बँडवर ठेवतात. घरभाडे आणि कर जाऊन उरते ते तुम्ही ऐकले त्यापेक्षा बरेच कमी असते. परदेशी नर्सची भरतीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२४ पासून ती झपाट्याने घटली आहे, म्हणून ऑफर हातात आल्याशिवाय धुळ्याची नोकरी सोडू नका.

सुरुवात कागदांपासून करा. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदललेल्या आपल्या मुलींची कामे इथेच अडकतात : दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव, कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचे, पासपोर्टवर सासरचे. ही नावे आधी जुळवून घ्या, राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडचे नूतनीकरण संपू देऊ नका. त्यासोबत ओईटीची तयारी करा. नर्सला तिथे बहुधा रुग्णाला दुसरीकडे पाठवतानाचे किंवा घरी सोडतानाचे पत्र लिहायचे असते, आणि रोज हँडओव्हर देणाऱ्या तुमच्यासारखीला ते आयईएल्टीएसच्या निबंधापेक्षा जवळचे वाटेल.

पुण्याच्या कोर्सचा दुसरा हप्ता तूर्त भरू नका. भरलेला परत मिळतो का, ते लेखी विचारा. नाशिकच्या एजंटला त्या क्लिनिकचे पूर्ण नाव विचारा आणि ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक प्रायोजकांची जी यादी सर्वांना खुली असते, तिच्यात ते नाव शोधा. ब्रिटनमध्ये नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेणे एजन्सीला कायद्याने मना आहे, हेही त्याला सांगा. नाव मिळाले तर मला कळवा, ते क्लिनिक काय आहे ते मी इथून पाहीन.